दहा मेडल सोडून पडलेलंच काहून छापता?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी तुमच्या खेळाच्या पानावर उजव्या कोपऱ्यात एक चौकट होती, ऑलिंपिकमधल्या महागात पडलेल्या चुका की असंच काहीतरी हेडिंग होतं, त्यात अमेरिकेची जिम्नॅस्ट अ‍ॅलिशिया सॅक्रमोन पण होती. अडीच ओळी. बीजिंग २००८, बीमवरून (तोल सांभाळायची ती उंच पट्टी) पडली, फ्लोअरवर (खाली मॅटवरची कसरत) पडली, टीमचं गोल्ड गेलं, संपलं. माझी पोरगी आठवीत आहे, सहा वर्षांपासून जिम्नॅस्टिक्स करून राहिली, पेपर आला की पहिले तेच पान ओढते. त्या दिवशी तर्री पोह्याची प्लेट तशीच ठेवून मला म्हणते, आई, हिच्याकडे वर्ल्ड चॅम्पियनशिपची दहा मेडल आहेत नं, मग हे लोक पडलेलंच काहून छापते? मला काही उत्तर सुचलं नाही म्हणून तुम्हाला लिहून राहिली.

आधीच सांगते, मी आयुष्यात कधी कोलांटउडी मारली नाही. पण रोज संध्याकाळी पोरीला प्रॅक्टिसला सोडायचं आणि दीड तास बाहेर स्कूटीवर बसायचं, यात थोडंफार कळायला लागलं. बीम किती रुंद असतो माहीत आहे का तुम्हाला? दहा सेंटीमीटर. आपल्याकडे गच्चीला चार इंची भिंत घालते नं मिस्त्री, बस तेवढा. आणि जमिनीपासून सव्वा मीटर उंच. पोरीनं एकदा गच्चीच्या कठड्यावर पाऊल आडवं ठेवून दाखवलं तर टाच इकडून आणि बोटं तिकडून बाहेर आली (मग मी ओरडली ती गोष्ट वेगळी). त्या पट्टीवर या पोरी उलट्या उड्या मारते.

आता बीजिंगचं. तारीख १३ ऑगस्ट, टीम फायनल. टीममध्ये सहा पोरी होत्या पण चेल्सी मेमेल आणि सामंथा पेझेक दोघींचे घोटे गेलेले, मेमेल फक्त बार्स (दोन आडव्या दांड्यांवरची कसरत) करू शकत होती आणि पेझेक तर टीम फायनलमध्ये उतरूच शकली नाही. नियम असा की प्रत्येक अ‍ॅपरेटसवर, म्हणजे साधनावर, तिघींनी करायचं आणि तिघींचेही मार्क धरायचे, म्हणजे एखादीचा दिवस खराब गेला तर तो मार्क सोडून देता येत नाही. व्हॉल्ट (धावत येऊन टेबलावरून मारायची उडी) आणि बार्स झाले तेव्हाच चीन एका मार्काहून जास्त पुढं होता. त्यानंतर बीम. अ‍ॅलिशियाला तिथं सुरू करायच्या आधी बराच वेळ नुसतं थांबवून ठेवलं, मग ती चढतानाच घसरली, आणि पुढं फ्लोअरवर पण बसली. कॅमेऱ्यासमोर तिनं सगळं स्वतःवर घेतलं. वीस वर्षांची होती तेव्हा.

पण हिशेब तर करा. चीन १८८.९००, अमेरिका १८६.५२५, फरक २.३७५. त्या वेळच्या नियमात एका पडण्याचे ०.८ कापायचे. दोनदा पडली म्हणजे १.६. फ्लोअरवर लाइनच्या बाहेर पाय गेला वगैरे त्याचे थोडे आणखी गेले असतील, पण नुसत्या त्या दोन पडण्यांनी गोल्ड गेलं म्हणणं हे आमच्या आठवीच्या गणितात पण बसत नाही. चीनच्या पोरी त्या दिवशी बार्सवर काय होत्या ते पण कोणी लिहीत नाही. त्या जिंकल्या, हिनं हरवलं असं कुठं आहे.

बरं हे झालं आणि चार दिवसांनी तीच पोरगी व्हॉल्टच्या फायनलला उभी होती. हे तुमच्या चौकटीत कुठंच नाही! आपल्याला ऑफिसात साहेब बोलले तर दोन दिवस डबा खाली उतरत नाही, हिला साऱ्या जगानं टीव्हीवर पाहिलेलं. दोन्ही व्हॉल्ट तिनं पायावर उभे केले. १५.५३७. तिसरी आली चीनची चेंग फेई, १५.५६२, जिचा दुसरा व्हॉल्ट गुडघ्यावर उतरला होता. फरक ०.०२५, म्हणजे एका मार्काचा चाळिसावा भाग. चेंग फेईची उडी जास्त कठीण होती, कठीणपणाचे मार्क वेगळे मिळते, त्यामुळे पडूनही ती पुढं राहिली, नियमानं बरोबरच आहे, मी काही अन्याय झाला म्हणत नाही. सिल्व्हर त्या ओक्साना चुसोव्हितिनाला मिळालं, वय ३३, मुलाच्या कॅन्सरच्या उपचारासाठी जर्मनीत गेलेली आणि जर्मनीकडून खेळणारी बाई, तिच्यावर एक पत्र वेगळं लिहावं लागेल. तर चौथी अ‍ॅलिशिया. एका आठवड्यात टीमचं गोल्ड पण गेलं आणि आपलं स्वतःचं ब्रॉंझ पण.

ही काही कुठून तरी उगवलेली पोरगी नव्हती. मॅसॅच्युसेट्समध्ये मिहाई ब्रेस्त्यान म्हणून कोच आहेत (पुढं लंडन ऑलिंपिकची कॅप्टन अ‍ॅली रेझमन झाली ती यांचीच), त्यांच्या हाताखाली तयार झालेली. २००५ ला मेलबर्नमध्ये फ्लोअरची वर्ल्ड चॅम्पियन, वर व्हॉल्टचं ब्रॉंझ. २००६ ला आरहुसमध्ये व्हॉल्टचं सिल्व्हर आणि टीमचं पण. मधे ब्राउन युनिव्हर्सिटीत शिकायला गेली, तिथं कॉलेजच्या टीमकडून खेळली आणि तिकडं वर्ल्ड चॅम्पियनशिपची तयारी पण चालू, आमच्याकडे सहामाही आली की क्लास बंद करायला लावणारे आईबाप आहेत, त्यात मी पण आली. आणि २००७ चं स्टुटगार्ट माझ्या पोरीला फार आवडते. टीम फायनलमध्ये अमेरिकेचा बीम पार बिघडला, सगळ्यांची तोंडं उतरली, तेव्हा हिनं पोरींना गोल करून उभं केलं, काय बोलायचं ते बोलली, मग फ्लोअर करून त्या गोल्ड घेऊनच घरी गेल्या. ज्या पोरीनं टीम उचलली तिच्याच नावावर वर्षभरानं टीम बुडवल्याचं बिल फाडलं.

बीजिंगनंतर तिनं खेळ सोडला होता. परत आली. २०१० ला रॉटरडॅममध्ये व्हॉल्टचं गोल्ड. ज्या व्हॉल्टवर २००५, ०६, ०७ तिन्ही वर्षं चेंग फेई तिच्या पुढं होती आणि बीजिंगला पण पुढं राहिली, त्याच व्हॉल्टवर वर्ल्ड चॅम्पियन. हे मला वाटते दहाही मेडलांत भारी आहे. पुढच्या वर्षी टोकियोत स्पर्धेआधीच्या प्रॅक्टिसमध्ये टाचेची शीर, ते अ‍ॅकिलिस, तुटली. तिचं नाव टीममधून काढलं नाही, बाकीच्या पाच जणींनी खेळून गोल्ड आणलं आणि ते तिचं दहावं. तेव्हा अमेरिकेच्या कुठल्याच बाईकडे वर्ल्डची एवढी मेडल नव्हती, शॅनन मिलरची पण नऊ. सिमोन बाइल्स मग पुढं गेली. तुटलेल्या टाचेनंतर वर्षाच्या आत २०१२ च्या ऑलिंपिक ट्रायल्सला पण उतरली, फक्त बीम आणि व्हॉल्ट. हो, तोच बीम. निवड झाली नाही, तिथं थांबली. पुढं २०२२ ला अमेरिकेच्या महिला टीमचं धोरण ठरवणाऱ्यांत तिला घेतलं, म्हणजे त्यांच्या लोकांना अडीच ओळी पुरल्या नाहीत.

आपल्या दीपा कर्माकरच्या वेळी आपण असे नव्हतो नं. रिओ २०१६, व्हॉल्ट, तीही चौथी, ०.१५ नं ब्रॉंझ गेलं, तर तुमच्याच पेपरात पहिल्या पानावर फोटो होता, मी कापून कपाटाच्या दाराला चिकटवला तो अजून आहे. रोमचे मिल्खा सिंग, लॉस एंजेलिसची पी. टी. उषा, सगळे चौथे आणि सगळे आपले लाडके. मग दुसऱ्याच्या पोरीला काहून वेगळा न्याय?

मी एवढी चिडली त्याला घरचं एक कारण पण आहे. मागच्या स्पर्धेत आमच्या पोरीच्या ग्रुपमधली एक मुलगी बीमवर चढतानाच सटकली. परत चढली, पूर्ण केलं, शेवटची उडी तर अशी मारली की पंच बाईंनी मान हलवली. कोणाच्या तरी पालकानं नेमकं तेवढं सटकलेलं मोबाइलवर घेतलं आणि स्टेटसला टाकलं, खाली हसणारे चेहरे. पोरगी नऊ दिवस प्रॅक्टिसला आली नाही. दहाव्या दिवशी आली तेव्हा हाताला चॉक लावून पंधरा मिनिटं बीमजवळ नुसती उभी होती, बाकीच्या पोरी पण काही न बोलता बाजूला उभ्या राहिल्या. मी जाळीतून पाहत होती. चढली शेवटी.

तर विनंती एवढीच, ती चौकट परत छापायची असेल तर अ‍ॅलिशिया सॅक्रमोनला एवढ्या ओळी तरी द्या की रॉटरडॅम मावेल.

आपली,
एक वाचक, मानेवाडा, नागपूर

ता. क. पोरगी म्हणते, जिल्ह्याचा निकाल छापाल तेव्हा वयोगट पाहून छापा, मागच्या वेळी बारा वर्षांखालच्या पोरी चौदाच्या यादीत टाकल्या होत्या.