यावेळी अकरा इंची

बंगळूर, रविवार

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

तुमच्यासाठी नवा टॅब बघतेय. पण आधी एक काम करा. जुना टॅब बंद करा आणि पुन्हा चार्जिंगला लावू नका. बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "काच एका बाजूने वर आलीय, रबरबँड लावून ठेवलंय." ती काच सुटलेली नाही, आतली बॅटरी फुगलीय. लिथियमची बॅटरी म्हातारी झाली की तिच्यात वायू धरू शकतो. दाबलं किंवा टोचलं तर पेट घेऊ शकते. रबर काढा आणि तो टॅब पुस्तकांच्या कपाटात न ठेवता मागच्या पडवीत, सावलीत, फरशीवर ठेवा. आईच्या उशीखाली तर मुळीच नको. मी आले की ई-कचऱ्यात देऊन येईन.

बॅटरी बदलून मिळेल, हे तुमचं म्हणणं खरं आहे. पण त्यातलं अँड्रॉइड इतकं जुनं झालंय की निम्मी अ‍ॅपं आताच चालत नाहीत. त्याच्यावर आता पैसे घालण्यात अर्थ नाही.

आता माझी चूक. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी घरात आलं आणि कपाटाच्या खालच्या तीन फळ्या गेल्या. तेव्हा मी ऑफर बघून सात इंची टॅब पाठवला, "आता पुस्तकं भिजायची नाहीत" म्हणाले आणि मोकळी झाले. तुम्ही वाचता कसं, हे विचारलंच नाही. यंदा गणपतीत आईला वाचताना पाहिलं. दोन बोटांनी पान मोठं करायचं, ओळ संपेपर्यंत डावीकडून उजवीकडे सरकवायचं, मग पुन्हा मागे. एका ओळीला दोन खेपा. इतकी वर्षं! आणि विचारलं तर, "दिसतं की गं चांगलं."

आई, दोष तुझ्या डोळ्यांचा नाही. तुझी बहुतेक पुस्तकं पीडीएफ आहेत, काही ई-साहित्य प्रतिष्ठानची, काही जुन्या पुस्तकांची स्कॅन केलेली. पीडीएफचं पान फोटोसारखं, जागच्या जागी पक्कं. अक्षर मोठं करायला गेलं की पानच पडद्याबाहेर जातं. ईपब नावाची दुसऱ्या प्रकारची फाइल असते, तिच्यात तसं होत नाही, अक्षर वाढवलं की ओळी आपोआप नव्याने जुळतात. पण तुला हवी ती पुस्तकं ईपबमध्ये मिळतीलच असं नाही.

म्हणून मी पट्टी घेऊन बसले. आपल्या नेहमीच्या डेमी पुस्तकाचं पान साडेपाच बाय साडेआठ इंचांचं. टॅबचं माप सांगतात ते तिरकं, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. सात इंचीची रुंदी पावणेचार इंचांपर्यंतच, म्हणजे पान दोन तृतीयांश होऊन दिसत होतं. ८.७ इंचीही बघितला, त्याची रुंदी साडेचार. अकरा इंची मात्र उभा धरला की जवळजवळ ५.८ बाय ९.३. डेमी पान मूळ मापात बसतं. वर्तमानपत्राच्या कागदावर तेवढे चौकोन कापून ठेवून पाहिले. शेजारीण म्हणाली, ब्लाउज बेततेस का?

बाबा, तुमच्या फिरायला जाण्याच्या गटातले काका किंडल, म्हणजे अ‍ॅमेझॉनचं पुस्तकं वाचायचं यंत्र, घ्या म्हणतात, ते चुकीचं नाही. त्याचा पडदा स्वतः उजळत नाही, कागदासारखा बाहेरच्या उजेडावर दिसतो, त्यामुळे उन्हातही वाचता येतं. वीज लागते ती मुख्यतः पान उलटताना. २०१६ पासून त्यावर मराठी पुस्तकंही आहेत. नुसत्या कादंबऱ्या वाचायच्या असत्या तर मी दुसरा विचार केला नसता. पण साधं किंडल सहा-सात इंचांचंच, म्हणजे पीडीएफचं रडगाणं तेच. बुकगंगावर घेतलेली आईची पुस्तकं त्यांच्या अ‍ॅपमध्ये उघडतात, ते अ‍ॅप किंडलवर चालत नाही. तुमचा सकाळचा ई-पेपर आणि व्हिडिओ कॉलवर चिन्मयीला बघणं, तेही त्यावर होणार नाही.

बाकीचं पटकन सांगते. सिमचा नको, घरात वायफाय आहे. १२८ जीबी पुरे. बँकेचं अ‍ॅप टॅबवर टाकायचं नाही, ते बाबांच्या फोनवरच राहू दे. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी 'हे अ‍ॅप टाका' म्हणून फाइल पाठवली, तर ती बँकेच्या नावाने आली तरी उघडायची नाही. किंमत विचारू नका, मी सांगणार नाही.

एकच अडचण उरते, वजन. अकरा इंची साधारण अर्ध्या किलोचा भरतो. आईला दुपारी आडवं पडून वाचायची सवय, तेव्हा तो हातात पेलणार नाही, आणि डुलकी लागली तर नाकावर येईल. बाबा, आजोबांची ज्ञानेश्वरी वाचायला ठेवायची ठवणी माळ्यावर आहे ना? ती उतरवून पुसून ठेवा, टॅब तिच्यावर नीट टेकेल असं वाटतं. नाहीतर पायवालं कव्हर मागवीन.

ऑर्डर मी गुरुवारपर्यंत थांबवलीय. तोवर आई, अर्धा किलो साखरेची पिशवी घे, वाचतेस तशी धर आणि दहा मिनिटं बस. मग मनगटाचं काय झालं ते मला फोन करून खरं सांग. "चालतं की गं" म्हणायचं नाही.

तुमची,
मनू