परिषद अंदमानात घ्या, पण दिवाळीत नको आणि रिसॉर्टात नको

मा. संपादक,
स. न.

डॉक्टरांच्या परिषदा रिसॉर्टमध्येच का भरतात, यावर आपल्या वाचकपत्रांत बरेच लिहिले जात आहे. बहुतेक पत्रांचा रोख 'डॉक्टरांची चैन' असा आहे आणि तो सगळाच खोटा आहे, असे मी म्हणणार नाही. मी स्वतः फिजिशियन आहे. आमच्या संघटनेची पुढची परिषद अंदमानात घ्यायचे घाटते आहे आणि तिचा आराखडा सभासदांना आला आहे. मला त्यातल्या चैनीपेक्षा अविचार जास्त खुपतो.

आराखडा असा : दिवाळीच्या सुट्टीतले चार दिवस, हॅवलॉकवरचे (सरकारी नाव आता स्वराज द्वीप) समुद्रकाठचे रिसॉर्ट, सकाळी साडेनऊला पहिले व्याख्यान, संध्याकाळी पाचनंतर किनाऱ्यावर मोकळा वेळ, तिसऱ्या दिवशी दुपारी स्कूबा डायव्हिंग आणि चौथ्या दिवशी पहाटे निघून सकाळच्या विमानाने परत. अंदमानचा नकाशा आणि कॅलेंडर शेजारी ठेवून हा कागद कुणी वाचलेला दिसत नाही.

दिवाळी म्हटली की आपल्याकडे पाऊस मागे पडलेला असतो. तिकडे तसे नाही. मेच्या मध्यापासून सुरू झालेला नैऋत्य मोसमी पाऊस ओसरतो न ओसरतो तोच ईशान्य मोसमी पाऊस येतो, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हे बंगालच्या उपसागरात चक्रीवादळांचे दिवस. डिसेंबर २०१६ मध्ये अशाच हवामानात हॅवलॉक आणि नील या बेटांवर हजाराहून अधिक पर्यटक अडकले होते. नौदल आणि तटरक्षक दलाने त्यांना बाहेर काढले. बोटी बंद झाल्या की हॅवलॉकहून निघायला दुसरी वाट जवळजवळ नाहीच. तीनशे डॉक्टर तिथे चार दिवस जास्त राहिले, तर इकडे तीनशे दवाखान्यांना कुलूप राहील, याचा विचार कुणी करायचा? जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारी हे दिवस बरे. त्याहून पुढे ढकलू नये, कारण पोर्ट ब्लेअरचे (म्हणजे आताच्या श्री विजयपुरमचे) पाणी मुख्यतः धनीखारी धरणातून येते आणि उन्हाळ्यात तिथे पाणीकपात असते. गावातल्या लोकांना पाणी मोजून मिळत असताना आपण दिवसातून दोनदा शॉवरखाली उभे राहायचे, हे डॉक्टरांना तरी शोभत नाही.

आता घड्याळ. अंदमान भारतीय प्रमाणवेळेवर चालते, पण आहे मुंबईच्या जवळजवळ वीस रेखांश पूर्वेला. त्यामुळे सूर्य आपल्यापेक्षा सुमारे सव्वा तास आधी उगवतो आणि तितकाच आधी मावळतो. नोव्हेंबरच्या मध्यात तिथे पाच वाजायच्या आतच सूर्यास्त होतो. म्हणजे आराखड्यातला पाचनंतरचा मोकळा वेळ अंधारात घालवायचा आहे! उलट सकाळी सहाला लख्ख उजेड असतो. पहिले व्याख्यान साडेसहाला ठेवा, अकरापर्यंत दिवसभराचे काम उरकेल आणि दुपार सगळ्यांची. साखरझोपेची सवय असलेले सहकारी कुरकुरतील, पण उशिरापर्यंत झोपायला इतक्या लांब जायची गरज काय?

स्कूबाबद्दल लिहायचीसुद्धा लाज वाटते, कारण आराखडा करणारे डॉक्टर आहेत. खोल पाण्यात संपीडित हवा श्वासावाटे घेतली की रक्तात आणि ऊतींमध्ये नायट्रोजन विरघळतो. तो पुरता बाहेर पडायच्या आत विमानातल्या कमी दाबात गेले, तर त्याचे बुडबुडे होतात. एका डुबकीनंतर निदान १२ तास आणि एकापेक्षा जास्त डुबक्यांनंतर निदान १८ तास विमानात बसू नये, असे या क्षेत्रातले तज्ज्ञ सांगतात; बरेच प्रशिक्षक सरळ २४ तास सांगतात. दुपारी उशिरा डुबकी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विमान, हे वेळापत्रक आपण आपल्या पेशंटला दिले असते का?

हे सगळे तारखा आणि वेळा बदलून सुधारता येईल. माझी मुख्य तक्रार वेगळी आहे. या आराखड्यात अंदमानचा समुद्र आहे, वैद्यक कुठेच नाही. आणि समुद्रच बघायचा तर आम्हा चिपळूणकरांना गुहागर तासाभरावर आहे.

पोर्ट ब्लेअरला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे प्रादेशिक केंद्र १९८३ पासून आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून अंदमानात पावसाळ्यानंतर तापाची एक साथ येई. रुग्णांच्या फुप्फुसांत रक्तस्राव होऊन मृत्यू होत. आजाराचा पत्ता लागत नव्हता, म्हणून त्याला 'अंदमान रक्तस्रावी ताप' असेच म्हटले जाई. तो लेप्टोस्पायरोसिस (उंदीर-गुरांच्या मूत्राने दूषित पाण्या-चिखलातून होणारा जिवाणूंचा आजार) आहे, हे या केंद्राने १९९०च्या दशकात दाखवून दिले. त्याच केंद्राने उत्तर अंदमानात त्याच्या प्रतिबंधासाठी डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाची चाचणी घेतली, आठवड्याला २०० मिलिग्रॅम. तिचा निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाला : गोळीने संसर्ग टळत नाही, पण आजार होण्याचे आणि दगावण्याचे प्रमाण साथीच्या काळात कमी होते.

२६ जुलै २००५ नंतरची मुंबई आणि २०२१ च्या महापुरानंतरचे चिपळूण ज्यांनी पाहिले, त्यांना या गोळीचे मोल वेगळे सांगायला नको. चिखल उपसणाऱ्या माणसांच्या हातावर आपण ज्या भरवशावर गोळ्या ठेवतो, त्यातला मोठा वाटा अंदमानातल्या त्या कामाचा आहे. भात, चिखल, गुरे, उंदीर आणि धो धो पाऊस, सगळे आपल्या कोकणासारखेच. तिथल्या शास्त्रज्ञांबरोबर कोकणातल्या डॉक्टरांनी दोन दिवस बसणे, ही खरी परिषद. आराखड्यात या केंद्राचे नावही नाही. मधुमेहावर तीन व्याख्याने आहेत, आणि तिन्ही वक्ते मुंबईचे.

म्हणून परिषद हॅवलॉकला नको, पोर्ट ब्लेअरलाच भरवावी. तिथले गोविंद बल्लभ पंत रुग्णालय सेल्युलर जेलच्याच आवारात आहे आणि २०१५ मध्ये सुरू झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयाशी ते जोडलेले आहे. मराठी माणूस अंदमानला जाऊन सावरकर बंधूंच्या कोठड्या न बघता परत येणार नाही, हे ठरलेलेच. सात विंगांपैकी उरलेल्या तीन बघून झाल्या की त्याच आवारात वॉर्डाची फेरीही होईल. बोटीत प्रोजेक्टर चढवा-उतरवा, समुद्र खवळला म्हणून वक्ता अडकला, हे प्रकारही टळतील. ज्यांना हॅवलॉकचा किनारा बघायचा आहे, त्यांनी नंतर स्वतःच्या खर्चाने दोन दिवस खुशाल राहावे. जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून जाणारी बाराटांगची सहल मात्र संघटनेच्या नावाने मुळीच काढू नये. माणसे ही प्रेक्षणीय स्थळे नव्हेत.

पैशांबद्दल थोडेच. मार्च २०२४ च्या केंद्र सरकारच्या संहितेनुसार औषध कंपन्यांना डॉक्टरांचा प्रवास आणि मुक्काम यांचा खर्च उचलता येत नाही, अपवाद फक्त वक्त्यांचा. परदेशात असे कार्यक्रम घ्यायलाही मनाई आहे. देशातली बेटे एकाएकी सर्वांना आवडू लागली, त्यामागे हे कारण असावे, अशी मला शंका आहे. नोंदणी शुल्कातल्या प्रत्येक रुपयाचा हिशेब सभासदांना मिळाला की ती फिटेल. आणि महाराष्ट्रातल्या डॉक्टरकीच्या नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट जमवण्यापुरतेच ज्यांना यायचे आहे, त्यांच्यासाठी ऑनलाइन सोय करावी. चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली ऑप्टिकल फायबर केबल २०२० पासून तिथे पोहोचली आहे, तेव्हा नेटवर्कची सबब चालणार नाही. तालुक्यात एकटाच फिजिशियन असलेल्या माणसाला तर हाच मार्ग आहे.

रिसॉर्टला आगाऊ रक्कम लवकरच जाणार असे कळते. पदाधिकाऱ्यांनी त्याआधी संशोधन केंद्राला आणि तिथल्या महाविद्यालयाला एकेक पत्र पाठवावे. दोन्हीकडून नकार आला, तर परिषद रत्नागिरीत घ्यावी. सभागृह बघून ठेवायची जबाबदारी माझी.

आपला,
एक फिजिशियन, चिपळूण