खर्चाची वही बंद करू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला घरखर्चाचा लेख वाचला. लेख कळकळीनं लिहिलाय, भाषाही सोपी आहे. पण ‘सगळा खर्च कार्डावर करा, हिशेब बँकच ठेवते, वहीची आता गरज उरलेली नाही’ असं जे शेवटी म्हटलंय, ते वाचून मला राहवलं नाही. १९८१ साली लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी रोज रात्री जेवणं आटोपली की खर्चाची वही लिहिते. माझ्या खात्यातून फुकट गेलेले २,३४६ रुपये परत मिळाले ते या वहीमुळे.

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. फराळाचं सामान घ्यायला बाजारातल्या मोठ्या दुकानात गेले होते. रवा, मैदा, डाळं, खोबरं, तेलाचा डबा. काउंटरवर ही गर्दी. कार्ड यंत्रात घातलं, पिन दाबला, पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहिलं. पावती काही येईना. तिथली मुलगी म्हणाली, ‘आजी, रेंज गेलीय. पैसे कट झाले नसतील. रोख आहेत का?’ मागे रांग खोळंबलेली. पाडव्याच्या खरेदीसाठी बाजूला ठेवलेल्या नोटा पर्समध्ये होत्या, त्यातून मोजून दिले. रात्री वहीत लिहिलं, ‘दिवाळी किराणा २,३४६, रोख. कार्ड चाललं नाही.’

पुढे दिवाळी झाली, पाहुणे गेले. पासबुक भरायला दोनदा शाखेत गेले तर छपाईचं यंत्र बंद. तिसऱ्या खेपेला भरून मिळालं, तोवर खरेदीला ४० दिवस झाले होते. घरी येऊन पेन्सिल घेऊन बसले. पासबुकातली एकेक ओळ वहीशी ताडून बघायची, जुळली की खूण करायची, ही माझी नेहमीची पद्धत. सगळ्या ओळी जुळल्या, एक उरली. ‘पीओएस’ (म्हणजे दुकानातल्या यंत्रावर कार्डानं दिलेले पैसे) आणि पुढे बारा-तेरा आकडे, दुकानाचं नाव नाही. रक्कम २,३४६. वहीत त्या तारखेला तोच आकडा होता, पण त्याच्यापुढे ‘रोख’ लिहिलेलं.

कोणी म्हणेल, मोबाइलवर संदेश आला असेलच की. आला होता. माझ्या खात्याला मुलाचा नंबर जोडलेला आहे आणि तो असतो पुण्यात. त्यानं संदेश वाचलाही होता. आईनं दिवाळीचा किराणा भरला असेल असं समजून त्यानं सोडून दिलं. त्यात त्याची काय चूक? रक्कम बरोबर, दिवस बरोबर, किराणाही खरंच घेतलेला. एकाच सामानाचे दोनदा पैसे गेलेत हे बँकेच्या कुठल्या कागदावरून कळणार होतं? दुकानात दिलेल्या रोख पैशांची बँकेला खबरच नव्हती. ती फक्त माझ्या वहीला होती.

वही पिशवीत घालून शाखेत गेले. तिथले साहेब म्हणाले, ‘काकू, दुकानाचं बिल दाखवा.’ बिल मी जपून ठेवलं होतं, पण त्या गुळगुळीत कागदावरची अक्षरं उडून तो पांढराफटक झालेला. मग वही पुढे केली. त्यांनी त्या दिवसाचं पान वाचलं, मागची-पुढची पानं चाळली. दूध, भाजी, रिक्षा, देवळातल्या पेटीत टाकलेले ११ रुपये, सगळं ओळीनं. मग काही न बोलता त्यांनी स्वतःच तक्रारीचा फॉर्म काढून भरला. दुकानदार भला माणूस, त्यानं आपल्या गल्ल्याचा हिशेब बघून रोख मिळाल्याचं लिहून दिलं. तरीही पैसे जमा व्हायला आणखी १९ दिवस गेले.

खरं म्हणजे मला एवढे हेलपाटे घालायलाच नको होते. रिझर्व्ह बँकेचा २० सप्टेंबर २०१९ चा आदेश आहे. दुकानात कार्ड लावलं, खात्यातून पैसे वजा झाले आणि दुकानाकडे पावती निघाली नाही, तर व्यवहारानंतर ५ दिवसांत पैसे आपोआप परत जमा व्हायला हवेत. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि तीही ग्राहकानं तक्रार करण्याची वाट न बघता. माझ्या बाबतीत ५९ दिवस लागले. त्यातले ५ सोडले तर ५४ दिवसांचे ५,४०० रुपये होतात. ते मला मिळालेले नाहीत. लेखी अर्ज दिलाय, त्याची पोच घेतलीय. एवढा मोठा लेख छापलात, त्यात हा नियम चौकटीत दिला असता तर कितीजणांचं भलं झालं असतं!

पासबुकातल्या त्या आकड्यांचंही तेच. पैसे कोणाला गेले, बँकेनं कापले असतील तर कशाचे कापले, हे ग्राहकाला समजेल असं छापा, असं रिझर्व्ह बँकेनं २०१७ च्या जूनमध्येच बँकांना बजावलंय. माझ्या पासबुकात आजही ‘चार्जेस’ एवढाच शब्द येतो. आणि दुकानाचं नाव छापून आलं तरी भागत नाही. दुकानावर पाटी एका नावाची आणि खातं मालकाच्या वडिलांच्या नावावर, असं आमच्या गल्लीतच आहे. शिवाय एकाच बिलात तांदूळ असतो, झाडू असतो, नातवाच्या वह्या असतात. बँक सांगणार, अमुक दुकानात ९०० रुपये गेले. ते पोटात गेले की शाळेत, हे घरच्या बाईनंच लिहायला हवं. महिनाअखेर मला तेच बघायचं असतं.

मी कार्डाच्या विरोधात नाही. आमच्या यजमानांना रात्री दीड वाजता दवाखान्यात न्यावं लागलं तेव्हा कार्ड नसतं तर अनामत रक्कम मी कुठून आणली असती? वीजबिल, गॅस, औषधं सगळं कार्डावरच देते. पण भाजी, दूध, रिक्षा, वरखर्च यांचे पैसे एक तारखेला रोख काढून वेगवेगळ्या पाकिटांत घालते. वीस तारखेला भाजीचं पाकीट चपटं दिसलं की हात आपोआप आखडतो. कार्ड एक तारखेला जेवढं जाड तेवढंच तीस तारखेला. सूनबाई माझ्याहून हुशार, नोकरी करते, पण महिना संपला की म्हणते, ‘आई, पैसे गेले कुठे तेच कळत नाही.’ तिच्या मोबाइलमध्ये रंगीत तक्ता आहे. तो बघूनही कळत नाही. या पाडव्याला मी तिला कोरी वही दिली, आणि ती लिहितेय.

जाता जाता आपल्या घरचंही सांगते. पूर्वी पेपरवाला महिन्याचं बिल हातानं लिहून द्यायचा, खाडे वजा केलेले असायचे. आता मोबाइलवर नुसता आकडा येतो आणि तेवढे पैसे पाठवायचे. दुधाचे खाडे मांडते त्याच कॅलेंडरवर मी पेपरचेही मांडते. २७ जानेवारीला आपला अंक निघाला नव्हता आणि त्याच महिन्यात दोन दिवस अंक आमच्या दारात पडलाच नाही. तिन्ही दिवसांचे पैसे लावले गेलेत. पेपरवाल्या मुलाला विचारलं तर म्हणाला, ‘वरून जेवढं येतं तेवढं पाठवतो.’ रक्कम फार नाही, पण बिलात खाडे दाखवायला हवेत. तेवढं आपल्या वितरण विभागाला सांगावं, ही विनंती.

आपली,
एक गृहिणी, कराड
(नाव छापू नये)