नळीतून किती वाहिले, तेही मोजायला शिकवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

लातुरातल्या एका छोट्या कार्यालयाचा लिनक्स सर्व्हर मी सांभाळतो. 'टार' या प्रोग्रॅमने फोल्डर एका गठ्ठ्यात बांधायचे, पाइपमधून (म्हणजे एका प्रोग्रॅमचा डेटा थेट दुसऱ्याकडे नेणाऱ्या जोडणीतून) डेटा दाबून लहान करणाऱ्या 'जीझिप'कडे द्यायचे आणि तिथून दुसऱ्या यंत्रावर पाठवायचे, हा माझा रोजचा बॅकअप. एका संध्याकाळी वीज गेली, यूपीएस जेमतेम अर्धा तास टिकणार होता आणि पडद्यावर नुसता कर्सर लुकलुकत होता. काम अडकले असे समजून मी ते मध्येच थांबवणारे कंट्रोल-सी दाबले. नंतर पाहिले, तर जवळपास सगळा डेटा पलीकडे पोचलेला होता.

बागेतल्या रबरी नळीसारखे प्रोग्रॅम एकमेकांना जोडता यावेत, असे संगणकतज्ज्ञ डग्लस मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्ये एका टिपणात लिहिले आणि १९७३ मध्ये केन थॉम्पसन यांनी युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये पाइप आणला. पण त्या नळीला मीटर नव्हता. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी प्यायलेल्या आमच्या शहराला मीटरचे मोल वेगळे सांगायला नको.

त्या फजितीनंतर मी तीन साधने वापरून पाहिली. डेटाची नक्कल करणाऱ्या 'डीडी'ला 'स्टेटस=प्रोग्रेस' हा पर्याय जोडला की किती बाइट गेले आणि वेग किती हे कळते, मात्र उरले किती ते कळत नाही. 'प्रोग्रेस' हे साधन आधीच सुरू असलेल्या 'सीपी' (फाइलींची नक्कल करणारा प्रोग्रॅम) किंवा 'टार'ची उघडी फाइल कुठवर वाचून झाली ते चालू प्रोग्रॅमची माहिती देणाऱ्या 'प्रॉक' या फोल्डरमध्ये डोकावून सांगते. घाईत मीटर लावायला विसरलेल्यांसाठी ते उत्तम, पण ते फाइलीतली जागा पाहते, पाइपमधला प्रवाह नव्हे. पाइपसाठी माझे मत निःसंशय 'पीव्ही' (पाइप व्ह्यूअर) या तिसऱ्या साधनाला आहे. ते मधोमध बसते, डेटा जसाच्या तसा पुढे सोडते आणि आकडे एरर आउटपुटवर, म्हणजे डेटापासून वेगळ्या असलेल्या संदेशांच्या वाटेवर, लिहिते, त्यामुळे बॅकअपमध्ये काही मिसळत नाही.

मात्र ते कुठे बसवले याला महत्त्व आहे. जीझिपच्या आधी ठेवले तर मूळ डेटा मोजला जातो, नंतर ठेवले तर दाबलेला. आणि एकूण आकार 'एस' पर्यायाने दिला नाही, तर टारकडून येणाऱ्या प्रवाहाची टक्केवारी त्याला काढताच येत नाही. मी फोल्डरचा आकार मोजणाऱ्या 'डीयू'ने काढलेला आकार देतो. तो अंदाजच असतो, तरी कर्सरकडे बघत बसण्यापेक्षा बरा. शिवाय मोठ्या 'टी'चा पर्याय 'पीव्ही'च्या बफरची (डेटा तात्पुरता साठवण्याच्या जागेची) स्थिती दाखवतो: बफर सतत भरलेला असेल तर पुढचा टप्पा मंद, रिकामा असेल तर मागचा. आमच्याकडे तो भरलेला निघाला. दोष नेटवर्कला देत होतो, पण पुढच्या जीझिपचा दाबण्याचा स्तर कमी करताच वेग वाढला.

मराठवाड्यातल्या ज्या संगणक वर्गांशी माझा संबंध आला, तिथे पाइपची उभी रेघ पहिल्याच आठवड्यात शिकवतात, पण तिच्यातून काय वाहते ते मोजायला कोणी शिकवत नाही. त्यासाठी एका तासाचे प्रात्यक्षिक पुरे आहे; संस्थाचालकांनी ते अभ्यासक्रमात घ्यावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, लातूर