फवारायच्या आधी पपईचं पान उलटून बघा

संपादक महोदय,
कर्नाटकातल्या आमच्या चिकोडी भागात पपईवर पांढरा पिठ्या ढेकूण, म्हणजे झाडाचा रस शोषणारी कीड, दिसला की लगेच पंप पाठीवर घेतात, मीपण तेच करायचो, पण पिठ्याच्या अंगावरच्या मेणामुळं औषध आत जातच नाही आणि त्याला खाणारे किडे तेवढे मरतात. हा पिठ्या मूळचा मेक्सिकोकडचा, 2008 ला कोइमतूरला सापडला, मग 2010 मध्ये बेंगळूरच्या राष्ट्रीय संस्थेनं पोर्तो रिकोहून असेरोफॅगस पपाये नावाची परजीवी माशी आणून सोडली. माशी कसली, एक मिलिमीटरसुद्धा नाही! ती पिठ्याच्या अंगातच अंडं घालते, अळी त्याला आतून खाते, मागं राहतं ते भोक पडलेलं तपकिरी फुगीर खोकं. तसली खोकी दिसली तर फवारणी थांबवा, मुंग्या मात्र आवरा, पिठ्या सोडतो त्या गोड चिकट्यासाठी त्या त्याची राखण करतात आणि माशीला जवळ येऊ देत नाहीत.
मी एका ऑफिसात विचारलं तर कन्नड पत्रक हातात दिलं, मला वाचता येतं हो, आमच्या आबांना कोण वाचून दाखवणार? ते अजून पंप धुऊन तयार ठेवतात.

— एक शेतकरी, ता. चिकोडी