ओम तुझ्याकडे यायच्या आधी

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

ओम शनिवारी पोचेल. परवा फोनवर तू म्हणालीस, "त्याला जवळ घेणारं कोणीतरी हवंय", आणि बाबा म्हणाले, "जवळ घेऊन राहिलेला अभ्यास होतो का?" मला दोघांचंही पटत होतं. पण ही दोन्ही कामं वेगवेगळी करून चालत नाही, एवढंच मला सांगायचंय.

त्याच्या प्रयोगवहीचं तुला माहीत नाही. बरेच प्रयोग लिहायचे राहिले होते आणि तो वहीला हात लावत नव्हता. एका संध्याकाळी मी शेजारी बसले, समास आखून दिले, तारीख घातली. आकृती त्यानेच काढली. पट्टी सरकवता सरकवता, मान वर न करता म्हणाला, "आई, वर्गात बसलं की छातीत धडधडतं." इतके दिवस समोर बसवून विचारत होतो, तेव्हा एक शब्द नाही. म्हणून त्याला "बोल" म्हणू नकोस. त्याचं अडलेलं काम हातात घ्या, बोलणं आपोआप निघेल. समुपदेशक बाईही म्हणाल्या, मूडची वाट बघायची नाही, झेपेल एवढं छोटं काम आधी करायचं, मूड मागून येतो.

रात्री मात्र लक्ष असू दे.

सकाळी उठत नाही म्हणून चिडू नकोस. या वयात झोपच उशिरा येते आणि लागते मात्र ८ ते १० तास. तो आळस नाही. रात्री फोन खोलीबाहेर ठेवायचा, पण तुझाही ठेव, नाहीतर त्याला ती शिक्षा वाटेल. गोळ्या कुलपात ठेव आणि रोज तूच काढून दे. गुण यायला काही आठवडे लागतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत.

झाली ना यादी! रागावू नकोस. खरं तर तुला हे शिकवायची गरज नाही. आजी गेली त्या दिवशी घर माणसांनी भरलेलं होतं आणि तू त्याला जिन्यात घेऊन बसली होतीस, शाळेच्या बुटांना पॉलिश करायला लावून. तो रडत होता आणि ब्रश फिरवत होता. तू पंधराची होतीस. इतकी मोठी कधी झालीस, असं वाटलं होतं मला.

पुन्हा रात्रीवरच येते. "मी नसतो तर बरं झालं असतं" असं काही बोलला, तर विषय बदलू नकोस. सरळ विचार, जीव द्यावासा वाटतो का. विचारल्याने तसलं काही डोक्यात शिरत नाही, उलट सांगायला वाट मिळते. हो म्हणाला तर क्षणभरही एकटं सोडू नकोस. आधी डॉक्टरांना फोन, मग मला, कितीही वाजलेले असोत. कोणाला सांगू नकोस म्हणाला, तरी हे गुपित ठेवायचं नाही. लिहिताना हात थरथरतोय, पण लिहायलाच हवं.

तुला झेपेनासं झालं तर लगेच कळव, मी निघून येईन. कॉलेजशी बाबा बोलतायत. वही बॅगेत वरच ठेवली आहे, शेवटचे प्रयोग राहिलेत. पोचल्यावर फोन करतो म्हणालाय. नाही केला तर तू कर.

आणि झोपण्याआधी एकदा त्याच्या खोलीत डोकावत जा.

तुझी
आई