पुडीवर वनस्पतीचे नाव हवे

महोदय,

पावसाळा आला की कोकणात घरोघरी कडू काढ्याचे पातेले चुलीवर चढते. तो मीही घेते आणि मुलांनाही देते. जेवणाआधी घोटभर कडू घेतले की तोंडाला चव येते, भूक लागते; त्यासाठी त्याला माझा मान आहेच. पण काष्ठौषधींच्या दुकानात या काढ्यासाठी 'किराईत' ही कडू वनस्पती मागितली की हातात नेमके काय पडते? हिमालयातल्या उंच डोंगरउतारांवर वाढणारे काडेचिराईत वेगळे आणि आपल्याकडचे पालेकिराईत वेगळे. दोन्ही जहर कडू, पण कुळे निराळी, घटकही निराळे. तापावरच्या महासुदर्शन या आयुर्वेदिक चूर्णात बाकी सगळ्या द्रव्यांच्या वजनाच्या निम्मे काडेचिराईत सांगितले आहे. ते महाग असल्याने त्यात सर्रास भेसळ होते. गुळवेलीचेही तेच. करोनाकाळात मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांत यकृताला इजा झाल्याचे नोंदवले, तेव्हा आयुष मंत्रालयाने दिसायला सारखी दुसरी वेल वापरली गेली असावी, अशी शंका घेतली होती. मग ती ओळखायची कुणी? गिऱ्हाईकाने?

'मधुमेह मुळापासून बरा' अशी जाहिरात 1954 च्या कायद्याने बंद आहे, तरी बाटल्यांवर ती दिसते. ती वाचून गोळ्या सोडणारी माणसे आहेत, याची फार काळजी वाटते. ताप अंगावर काढून नुसत्या काढ्यावर राहणेही घातक. डेंग्यू-मलेरियाची तपासणी आधी व्हावी.

अन्न व औषध प्रशासनाने सुट्या पुड्यांवरही वनस्पतीचे शास्त्रीय नाव आणि वापरलेला भाग छापणे सक्तीचे करावे.

– एक वाचक, रत्नागिरी